दोनशे बारा नंबरचा विषय

खिताम विद्यापीठात लागली तेव्हा वेळापत्रक जमिनीवर अंथरलं जायचं. जाड पांढऱ्या कागदाचे ताव एकमेकांना चिकटवून केलेली ती सतरंजीच असायची. तिच्यावर वार, तास आणि खोल्या आखलेल्या, आणि प्रत्येक विषयाची एक रंगीत चिठ्ठी. विभागप्रमुख बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत यायचे, उकिडवे बसायचे, भांडायचे, चहा प्यायचे आणि पुन्हा भांडायचे. दोन विषयांची अदलाबदल करायची झाली तर खिताम एक चिठ्ठी उजव्या हाताने उचलायची, दुसरी डाव्या हाताने, आणि हात उलटे करून खाली ठेवायची. त्यात शिकण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही.

मग सॉफ्टवेअर आलं. सतरंजी गुंडाळून कपाटावर गेली. खिताम तेव्हा चाळिशी ओलांडलेली, थोरला हाझिम शाळेत, धाकटा अंगावर. तरी ती अम्मानला जाऊन शिकून आली. विद्यापीठ गावाबाहेर, जिथे नांगरट संपते आणि बादियाचं काळं दगडी माळरान सुरू होतं तिथे. एवढ्या लांब अम्मानहून मदतीला कोण येणार? हळूहळू सगळे तिच्याकडेच यायला लागले, हाझिमची आई म्हणून हाक मारत. उम्म हाझिम, माझा तास उडाला. उम्म हाझिम, एका खोलीत दोन वर्ग घुसलेत. ती चष्मा डोक्यावरून नाकावर आणायची आणि सगळं जागच्या जागी बसवून द्यायची.

त्या वर्षी वरून फर्मान आलं की विषयाच्या नंबराचा पहिला आकडा बघून तो कितव्या वर्षाचा ते कळलं पाहिजे. शेतकी विद्याशाखेत दोन विषय उलटे बसले होते. माळरानातल्या वनस्पती हा तिसऱ्या वर्षाचा विषय, नंबर तीनशे बारा. तो दुसऱ्या वर्षात न्यायचा होता, म्हणजे दोनशे बारा. पण दोनशे बारावर माती आणि खतं हा विषय बसलेला. तो तिसऱ्यात जायचा, म्हणजे तीनशे बारा. नुसती अदलाबदल. खाली तीन डॉक्टरांच्या सह्या.

खितामने कागदावर ओळी होत्या त्या क्रमाने काम केलं. पहिली ओळ, तीनशे बाराचं दोनशे बारा करा. कॉम्प्युटरने विचारलं, दोनशे बारा आधीच आहे, दोन्ही एकत्र करू का? तिला वाटलं, लगेच पुढच्या ओळीत जुनं दोनशे बारा तिथून उठणारच आहे, क्षणभर एकत्र बसले तर काय बिघडलं? तिने हो म्हटलं. दुसरी ओळ, दोनशे बाराचं तीनशे बारा करा. केलं. कॉम्प्युटरने तक्रार केली नाही. तिने मरमिया घातलेला चहा संपवला आणि पुढचा कागद घेतला.

जानेवारीच्या शेवटी वसंतातल्या सेमिस्टरचं वेळापत्रक छापून भिंतीला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मिथ्काल तिच्या दारात उभे राहिले.

डॉक्टर मिथ्काल म्हणजे उंच, किंचित वाकलेला माणूस. नखांत कायम माती. उभा जन्म त्यांनी माळरानातली झाडझुडपं शिकवण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर विद्यापीठाने त्यांना दरवर्षीच्या करारावर ठेवलं होतं, ते त्या एकाच विषयासाठी, कारण पोरांना बसमध्ये घालून माळावर नेणारा दुसरा कुणी उरला नव्हता. मागच्या वसंतात त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि विषय उघडलाच नाही. नियम असा की सलग दोन वर्षं न उघडलेला विषय अभ्यासक्रमातून काढून टाकायचा. म्हणजे या वसंतात उघडला नाही तर विषय गेला, आणि विषयाबरोबर करारही गेला. हे तेही जाणत होते आणि खितामही.

"उम्म हाझिम," ते म्हणाले, "मी गेलो की काय? भिंतीवर माझं नाव नाही. गेलो असेन तर आत्ताच सांग. बायकोला कळवायला हवं, ती संध्याकाळी दोडके भरणार आहे."

खिताम हसली. त्यांना मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाली, बसा अबू जुहैर, काहीतरी घसरलं असेल, आत्ता बसवते. तिने दोनशे बारा उघडला. अपेक्षित विद्यार्थी शून्य. शून्य पोरांना कॉम्प्युटर खोली देत नाही, तासही देत नाही. मागच्या वर्षांची पोरं बघितली, तिथेही शून्य. जणू हा विषय जगात कुणी कधी शिकलंच नव्हतं. मग तिने तीनशे बारा उघडला. तिथे मातीचा विषय शिकलेली पोरं होती आणि झाडांचा विषय शिकलेली पोरंही होती, सगळी एकाच यादीत.

तिने अम्मानला फोन लावला. सॉफ्टवेअरच्या कंपनीत बिश्र नावाचा इंजिनियर होता. तोंडाळ, पण मनाने चांगला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

त्याने समजावलं ते असं. तुमच्याकडे मसुराची दोन पोती होती. पहिलं दुसऱ्यात ओतलंत. मग ते भरलेलं पोतं उचलून पहिल्यात ओतलंत. आता एक पोतं तुडुंब आणि एक रिकामं. अदलाबदल करायची तर आधी तिसरं रिकामं पोतं घ्यायचं असतं. एक विषय घटकाभर नऊशे नव्याण्णव नंबरला नेऊन ठेवायचा, जागा मोकळी झाली की दुसरा आणायचा.

"वीस वर्षं मी चिठ्ठ्या बदलल्या," खिताम म्हणाली, "तिसरी जागा कधी लागली नाही."

"तुम्हाला दोन हात आहेत, खालती," बिश्र मावशी म्हणावं तसं म्हणाला. "मशीनला एकच."

तिने विचारलं, निवडून वेगळे नाही का करता येणार? आमच्याकडे बायका डाळीतले खडे निवडतात. बिश्र म्हणाला, खडे असते तर मीच निवडले असते, इथे दोन्हीकडे मसूर आहे. कुठला दाणा कुठल्या पोत्यातला हे मशीन विसरलं. मागचं सगळं परत आणता येईल, पण मग त्यानंतर अख्ख्या विद्यापीठाने केलेली नोंदणी आणि भरलेले गुण पुसले जातील. एका विषयासाठी कुठला कुलगुरू तेवढं करेल?

त्याहून वाईट गोष्ट त्याने नंतर सांगितली. पोती ओतताना पोरांच्या अभ्यासक्रमातलीही दोन कलमं एक झाली होती. मातीचा विषय झालेल्या प्रत्येक पोराच्या नावापुढे आता दोन्ही पुरं झाल्याचं दिसत होतं. झाडांचा विषय कुणाचा राहिलेलाच नव्हता.

रस्ता एकच होता. जुन्या गुणपत्रिका तळघरातून काढायच्या आणि प्रत्येक पोराचा कागद हाताने सुधारायचा. त्यासाठी तीन जणांची समिती लागते, आणि समिती नेमायला रजिस्ट्रारने कुलगुरूंना लिहून द्यावं लागतं की आमच्याकडून चूक झाली.

रजिस्ट्रार होते डॉक्टर आयसर. वाईट माणूस नव्हता. आईच्या औषधाच्या वेळा फोनवर विचारणारा, कुणाच्या मयताला न चुकता जाणारा. पण कुलगुरू नवे होते आणि डॉक्टर आयसर त्यांना बिचकून होते. खितामने सरळ सांगितलं की हे माझ्या हातून झालं, तसंच लिहा, माझी तयारी आहे. ते म्हणाले, कुणाच्या हातून काही झालेलं नाही, आणि हे बाहेर बोलू नका. मग समितीचं पत्र? बघू म्हणाले. ठेवून जा.

ती रोज पत्राची आठवण करायला जायची आणि पत्र रोज त्याच जागी, चष्म्याच्या डबीखाली. नाही म्हणत नव्हते. सही करत नव्हते. एकदा तर त्यांनी पेन उघडलंही, तेवढ्यात फोन वाजला. वसंताची नोंदणी तोंडावर आली होती.

तेव्हा खितामच्या डोक्यात ती कल्पना आली. तिच्या मते डॉक्टर आयसर कागदाने हलणारे नव्हते, पण भिडेने हलले असते. तिने डॉक्टर मिथ्कालना सुचवलं, जाहा न्या, जाणत्या माणसांना घेऊन त्यांच्या दारात मागणं घाला. हाज फव्वाजना पुढे घाला.

डॉक्टर मिथ्काल हसायला लागले, मग छातीवर हात ठेवून थांबले. म्हणाले, जाहा न्यायची ती मुलीला मागणी घालायला, नाहीतर खुनाचा समेट करायला. काटेरी झुडपांसाठी कुणी जाहा नेलीय? लोक तोंडात शेण घालतील.

"खूनच पडलाय, अबू जुहैर," खिताम म्हणाली. "माझ्या हातून पडलाय. जा तुम्ही."

हाज फव्वाज हे डॉक्टर मिथ्कालचे आईकडून नात्यातले. अक्षरओळख नाही, पण सीमेपर्यंतच्या सगळ्या घरांत त्यांचा शब्द चालायचा. त्यांना विषय, नंबर, सॉफ्टवेअर हे काही कळलं नाही. एवढं कळलं की आपल्या माणसाचं पोरांना शिकवणं बंद पडतंय आणि ते चालू करणं आयसरच्या हातात आहे. त्यांनी काळी अबा झटकून अंगावर घेतली आणि दहाबारा जाणती माणसं जमवली.

गुरुवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर जाहा डॉक्टर आयसरच्या घरी गेली. खिताम त्यांच्या बायकोबरोबर आतल्या खोलीत बसली होती. दार किलकिलं ठेवलेलं. बाहेर गाद्यांवर माणसं दाटीने बसली, ख्यालीखुशाली झाली, पावसाची चौकशी झाली. वेलची घातलेल्या कडू कॉफीचा पेला हाज फव्वाजना दिला गेला. त्यांनी तो घेतला आणि ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला. कॉफी खाली ठेवली की यजमानाला कळतं, मागणं मान्य झाल्याशिवाय ती प्यायली जाणार नाही. आणि न पिता माणसं उठली, तर तो डाग नातवंडांपर्यंत पुरतो.

हाज फव्वाज फार बोलले नाहीत. म्हणाले, आमचा माणूस पोरांना आपल्या जमिनीची ओळख करून देतो. ते बंद होऊ नये. आम्ही तुझ्या दारात आलोय.

डॉक्टर आयसरचे भाऊ बसलेले होते, चुलते होते. खितामला फटीतून त्यांचे फक्त गुडघे दिसत होते.

"कॉफी प्या, हाज," डॉक्टर आयसर म्हणाले. "तुमचं मागणं मान्य."

"मिथ्कालचा विषय या वसंतात उघडणार?"

"उघडणार. कॉफी प्या."

हाज प्यायले, मग सगळे प्यायले. एकदम बोलणी सुरू झाली, कुणीतरी विनोद केला, कुणी खजूर पुढे केले. खितामने डोळे मिटून देवाचे आभार मानले. आयसरची बायको तिच्याकडे बघत होती. हलक्या आवाजात म्हणाली, काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सारखा विचारत होता, कॉफी ठेवली तर नाही म्हणता येईल का गं? मी म्हटलं, कुणी म्हटलंय का आजवर? खितामने ते ऐकलं, पण तेव्हा आनंदात होती. बोलणं कानावरून गेलं.

रविवारी, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, ती पत्र पुन्हा छापून, स्वच्छ फाइलमध्ये घालून घेऊन गेली. वाटलं, आता सही व्हायला कितीसा वेळ.

डॉक्टर आयसरनी फाइल उघडली आणि मिटली. विचारलं, कसली समिती? खितामने आठवण दिली. ते म्हणाले, विषय उघडायचा ना? तुम्ही हाताने उघडा. खोली द्या, तास द्या. मी परवानगी देतो. झालं.

"विषय उघडून काय करू, डॉक्टर? पोरं कुठून आणू? मशीन म्हणतंय सगळ्यांचा झालाय."

"उम्म हाझिम, मी दहा माणसांसमोर शब्द दिला. आता मी कुलगुरूंना लिहू, की बाबा, हे माझ्या हातात नव्हतंच? मग घरात बसून मी काय दिलं? हवा? कॉफी प्यायली त्यांनी. प्यायलेल्या कॉफीवर समिती बसवतात का?"

हे बोलताना त्यांचा चेहरा इतका ओढलेला होता की खितामला त्यांच्यावर रागावता आलं नाही. फाइल त्यांनी स्वतःच्या हाताने तिला परत दिली. तिला तिथल्या तिथे कळलं. गुरुवारपर्यंत सहीचं पेन निदान उघडं होतं. ते तिने स्वतःच जाहा धाडून बंद करून टाकलं होतं.

तरी तिने विषय उघडला. रविवारी सकाळी आठ, नळ असलेली खालची खोली, डॉक्टर मिथ्कालचं नाव. भिंतीवरच्या कागदाला दुरुस्तीची पट्टी डकवली. डॉक्टर मिथ्काल आले, पट्टीपुढे उभे राहून त्यांनी फोनवर फोटो काढला आणि तिला म्हणाले, देव तुझा चेहरा उजळ करो, आता दोडके निवांत खाईन. तिला सगळं सांगायचं होतं. आधी नोंदणी तरी होऊ दे, असं म्हणून ती थांबली.

नोंदणी सुरू झाली. पोरं कॉम्प्युटरपुढे बसायची, दोनशे बारा दाबायची आणि उत्तर यायचं, गरज पूर्ण झालेली आहे. ज्यांना ते कळलं त्यांतले बहुतेक खूश झाले. पहाटे बसमध्ये बसून माळावर गुडघे टेकायला कुणाला हौस असते? तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली मात्र मुद्दाम खितामकडे आल्या. त्यांतल्या रुबा नावाच्या मुलीचा आजा मेंढरं राखायचा, तिला हा विषय हवाच होता. खितामने दोघींना जादा विषय म्हणून हाताने घातलं. चार दिवसांनी मशीनने निरोप दिला की यांचे तास मर्यादेबाहेर गेलेत, काहीतरी सोडा. दुसरीने लगेच सोडला. रुबा रडवेली होऊन आली, म्हणाली, खालती, हा ठेवायचा तर मला रसायनशास्त्र सोडावं लागतंय, मग वर्ष जाईल. खितामने स्वतःच तिचं नाव काढलं.

दहाच्या खाली पोरं असली तर नोंदणी मिटताना सॉफ्टवेअर तो वर्ग आपोआप बंद करतं. त्याला कुणाची सही लागत नाही. सोमवारी सकाळी खितामने उघडून बघितलं तर नळाची खोली मोकळी दाखवत होती. दुपारपर्यंत ती इंग्रजीच्या वर्गाला गेलीसुद्धा.

डॉक्टर मिथ्कालच्या घरी ती स्वतः गेली. सगळं सांगितलं. पोती, समिती, पत्र, गुरुवार, सगळं. त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि काही न विचारता आत गेली.

खिताम म्हणाली, मी आत्ताच हाजकडे जाते. त्यांना सांगते की शब्द पाळला गेला नाही. ते पुन्हा जातील.

"नाही जायचं," डॉक्टर मिथ्काल म्हणाले.

"पण शब्द दिला होता ना?"

"म्हणूनच. हाजला कळलं तर ते गप्प बसतील असं वाटतं तुला? आयसरच्या घराशी बोलणं बंद. त्यांच्यात आमच्या दोन मुली दिलेल्या आहेत. उद्या त्या माहेरी यायच्या बंद होतील. माझ्या गवताची एवढी किंमत नको." मग म्हणाले, "आणि आयसरने खोटं कुठे सांगितलं? उघडतो म्हणाला, उघडला. आम्ही कुठे म्हटलं होतं, त्यात पोरंही घाल म्हणून?"

हे ते हसत म्हणाले, पण हसणं तोंडाच्या एकाच बाजूला झालं.

खिताम म्हणाली, चूक माझी आहे, निदान मला दोन शब्द बोला. ते म्हणाले, बोलून बघतो, आणि चहाकडे बघत बसले. ती उठली तेव्हा दारापर्यंत सोडायला आले. फक्त म्हणाले, हाजला कळू देऊ नकोस, एवढं माझ्यासाठी कर. तिने मान हलवली.

हाज फव्वाजचं घर माळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच होतं. ते सकाळी ओट्यावर बसायचे. त्या वसंतात दर रविवारी डॉक्टर मिथ्कालची जुनी गाडी तिथून जायची. हाज हात वर करायचे आणि डॉक्टर भोंगा वाजवायचे. पोरांची बस कुठाय, असं हाजनी एकदा विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, पुढे गेली. हे खितामला त्यांच्या बायकोकडून कळलं. तिने असंही सांगितलं की तिकडे जाऊन ते गाडीतच बसून राहतात. खाली उतरत नाहीत. दुपारी परत येतात तेव्हा बुटाला माती नसते.

मार्चमध्ये विद्याशाखेची बैठक झाली. न उघडलेल्या विषयांची नावं वाचली गेली आणि माळरानातल्या वनस्पती हे त्यांतलं मधलंच कुठलं तरी नाव होतं. कुणी हरकत घेतली नाही. खितामला कागद आला आणि तिने दोनशे बारा काढून टाकला. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? तिने हो म्हटलं. करार जूनपर्यंत होता, तो तिथेच संपायचा होता.

एप्रिल आला, मेंढ्या दुधाला आल्या. एका सकाळी हाज फव्वाजचा नातू तिच्या दारात टेम्पो थांबवून उतरला आणि त्याने एक पांढरी पिशवी आत आणून ठेवली. आत जमीद होता, घरी ताक आटवून उन्हात कडक वाळवलेले गोळे, दगडासारखे, बाजारात मिळत नाहीत असे. म्हणाला, आजोबांनी पाठवलाय, तुम्ही मिथ्काल खालूंचं काम केलंत म्हणून. परत पाठवायचा नाही असं बजावलंय. खितामने परत पाठवला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी हाजचा फोन आला. जमीद पोचला का विचारलं. मग म्हणाले, पोरं चांगली शिकतायत ना? मी रोज ओट्यावर असतो, मिथ्काल जाताना दिसतो, बरं वाटतं. आणि हे बघ मुली, पुन्हा कुणाचं असं अडलं तर लाजू नकोस, मला सांग. आयसर शब्दाचा माणूस आहे.

खिताम म्हणाली, हो, हाज, शब्दाचा माणूस आहे. शुक्रवारी माहेरची माणसं जेवायला यायची होती, मन्साफ करायचा होता, जमीदच्या रश्श्यात शिजवलेलं मटण. तिने फोन ठेवला, पातेलं घेतलं आणि जमीद पाण्यात भिजत घातला.